एस्पोझितो आडनावाची माणसं एकमेकांची कोण लागतात?

इंटर मिलानचा तरुण स्ट्रायकर पिओ एस्पोझितो २०२५ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघात आला आणि फुटबॉल बघणाऱ्यांच्या तोंडी हे आडनाव नव्याने आलं. ओटीटीवर रमणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, कारण 'ब्रेकिंग बॅड' मालिकेतला थंड डोक्याचा गस फ्रिंग साकारणारा नट म्हणजे जियानकार्लो एस्पोझितो. मार्गेरिता पिझ्झाची गोष्ट सांगितली जाते तेव्हा राफाएले एस्पोझितोचं नाव येतंच. आणि आईस हॉकीत कॅनडाचे फिल आणि टोनी हे एस्पोझितो बंधू म्हणजे दंतकथाच. कोणी कोपनहेगनला जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन, कोणी ओंटारियोतला, कोणी नेपल्सचा पिझ्झावाला. मग हे सगळं एकच मोठं घराणं आहे का?

नाही. हे एक घराणं का नाही, ते बघायला गेलं की आपण थेट नेपल्समधल्या एका भिंतीपाशी येऊन पोचतो. तिथे आपलं तान्हं मूल ठेवून निघून गेलेल्या आयांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांच्या मुलांना मिळालेलं आडनाव मात्र आज इटलीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत आहे, आणि खुद्द नेपल्समध्ये तर पहिल्या क्रमांकावर.

आडनाव नेमकं सांगतं काय?

आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' असलं की बहुतेक वेळा गाव कळतं. पण दोन सातारकर भेटले म्हणून ते भाऊबंद असतीलच असं कोणी धरत नाही. दोघांचे पूर्वज कधी तरी साताऱ्याहून निघाले, एवढाच त्याचा अर्थ. एस्पोझितोचं तसंच आहे, फक्त इथे गावाच्या जागी भिंतीतलं एक भोक आहे.

हा शब्द लॅटिनमधून आलेला. 'बाहेर ठेवलेला', म्हणजे उघड्यावर सोडलेला, असा त्याचा अर्थ. आई-वडील कोण हे माहीत नसलेलं मूल संस्थेत आलं की नोंदवहीत त्याच्या नावापुढे हा शब्द लिहिला जायचा. सुरुवातीला तो फक्त शेरा होता. पण १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चने बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या वह्या ठेवाव्यात असा दंडक घातला. त्यानंतर कॅथलिक जगात पिढ्यान्पिढ्या चालणारी आडनावं पक्की होत गेली. वहीत जे लिहिलं गेलं तेच मुलाला चिकटलं, पुढे त्याच्या मुलांना, मग नातवंडांना.

भिंतीतलं चाक

नेपल्सच्या फोर्चेल्ला भागात आन्नुन्झियाता नावाची धर्मादाय संस्था होती. चौदाव्या शतकात सुरू झालेली, चर्च, रुग्णालय आणि अनाथाश्रम एकाच आवारात असलेली. तिच्या बाहेरच्या भिंतीत एक 'रुओता', म्हणजे चाक, बसवलेलं होतं. चाक म्हटलं तरी ते एक पोकळ लाकडी पिंप होतं, उभ्या आसावर फिरणारं आणि एका बाजूने उघडं. रस्त्यावरून येणाऱ्याने त्यात मूल ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. पिंप फिरलं की उघडी बाजू आतल्या खोलीकडे यायची. आत रात्रंदिवस एक बाई बसलेली असे. ती मूल उचलून घ्यायची. ना बाहेरच्याने आतलीचं तोंड बघितलं, ना आतलीने बाहेरच्याचं.

मग मुलाला न्हाऊ घालायचं, बाप्तिस्मा द्यायचा आणि वहीत नोंद करायची. या नोंदी वाचताना जीव गलबलतो. मूल आलं तो दिवस आणि वेळ, अंदाजे वय, अंगावर काय होतं: फाटकी बंडी, जुन्या चादरीचा तुकडा, हाताला बांधलेली रिबीन. काही मुलांजवळ अर्धं कापलेलं पदक किंवा देवाच्या चित्राचा अर्धा कागद असायचा. उरलेला अर्धा भाग आईजवळ. परिस्थिती सुधारली तर तो घेऊन यायचं, दोन तुकडे जुळवायचे आणि आपलं मूल परत न्यायचं, या आशेने ठेवलेली ती खूण. अशा मुलांना नेपल्सचे लोक 'मादोन्नाची लेकरं' म्हणत, म्हणजे मेरीमातेची.

चाकाचा उगम रोममध्ये झाला असं सांगतात. तिबेर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात मेलेली अर्भकं सापडू लागली, म्हणून पोप तिसऱ्या इनोसंटने बाराव्या शतकाच्या अखेरीस पहिलं चाक बसवलं, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो-नसो, हेतू त्यातून कळतो. मूल मारलं जाण्यापेक्षा गुपचूप सोडलं गेलेलं बरं, असा तो हिशेब होता.

म्हणजे ही सगळी अविवाहित आयांची मुलं होती का?

सगळी नव्हती. लग्नाआधी मूल झालेल्या बाईला समाज उभं करत नसे हे खरंच आहे. पुष्कळदा तिला विचारलंही जात नसे. सुईण किंवा घरचेच लोक रातोरात मूल चाकात नेऊन ठेवत. पुरुषाचं नाव कुठेच येत नसे. घराण्याच्या अब्रूचा भार एकट्या बाईने आणि तिच्या मुलाने वाहायचा, अशी ती व्यवस्था होती, आणि चर्चने व राज्याने तिला रीतसर लाकडी दार करून दिलं होतं. मला यातलं सगळ्यात क्रूर काही वाटत असेल तर ते हेच.

पण भुकेपोटी सोडलेली मुलंही भरपूर होती. दुष्काळ पडला, कॉलरा आला, बाप मेला, आईला दूध येईना, की लग्नाच्या जोडप्याचं मूलही चाकात जायचं. एकोणिसाव्या शतकातल्या मिलानमध्ये तर सोडलेल्या मुलांत विवाहितांच्या मुलांचा वाटा मोठा होता. वर्ष-दोन वर्षं संस्थेने सांभाळावं आणि मग घरी आणावं, असा कामकरी कुटुंबांचा बेत असायचा. त्यामुळे एस्पोझितो आडनाव बघून कोणाच्या पूर्वजांच्या चारित्र्याबद्दल तर्क करणं चूकच.

जगणारी मुलं मात्र कमी. आटलेलं दूध, गर्दी, साथी. अनेक संस्थांत निम्म्याहून अधिक मुलं वर्ष पुरं व्हायच्या आत दगावत. जी तगली ती बहुधा दूधआयांमुळे. दूधआई म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या मुलाला पाजणारी बाई, बहुतेक वेळा खेड्यातली. मुलं तिच्या घरी जायची आणि कधी कधी तिथेच राहायची, शेतात कामाला लागायची, त्याच गावात लग्न करायची. नेपल्सच्या आसपासच्या गावागावांत एस्पोझितो पसरले त्यामागे हेही एक कारण आहे.

सरकारने हे आडनाव देणं थांबवलं कसं नाही?

थांबवलं. १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा म्युरा होता. आडनाव ऐकताच मुलाचा जन्म कसा झाला ते कळतं आणि जन्मभर त्याला टोमणे खावे लागतात, म्हणून त्याच्या राजवटीत असं आडनाव देण्यावर बंदी आली. आधीच एस्पोझितो असलेल्यांची आडनावं काही बदलली नाहीत. पण नव्या मुलांसाठी कारकुनांना रोज नवं आडनाव शोधावं लागू लागलं. महिन्याचं नाव, संताचं नाव, फुलाचं, वस्तूचं, जे सुचेल ते.

यातून काय व्हायचं त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे शिल्पकार व्हिन्चेन्झो जेमितो. जुलै १८५२ मध्ये, जन्माच्या दुसऱ्याच दिवशी तो आन्नुन्झियाताच्या चाकात ठेवला गेला. त्याला 'जेनितो' असं आडनाव द्यायचं ठरलं होतं. लिहिताना एक अक्षर चुकलं आणि झालं जेमितो. काही दिवसांतच एका गरीब कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं. तो नेपल्सच्या गल्ल्यांत वाढला, मातीत हात घालू लागला आणि एकोणिसाव्या शतकातल्या इटलीच्या मोठ्या शिल्पकारांत गणला गेला. खडकावर उकिडवा बसून मासा छातीशी धरणारा त्याचा कोळ्याचा पोर १८७७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाजला. त्या पोराचं उघडं, हाडकुळं अंग आणि निसटता मासा धरून ठेवण्याची धडपड बघावी. कारकुनाच्या चुकीतून जन्मलेलं ते आडनाव आज कलेच्या इतिहासात पक्कं बसलंय.

आन्नुन्झियाताचं चाक १८७५ मध्ये बंद झालं. देशात इतरत्र ती टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. मुलं येणं मात्र थांबलं नाही. आता ती दारातून, हातातून येऊ लागली, इतकाच फरक.

हे फक्त नेपल्सचं आहे का?

प्रत्येक शहराचा आपला शिक्का होता. रोममध्ये प्रोयेत्ती, सिसिलीत त्रोवातो, फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेंती. फ्लॉरेन्सच्या संस्थेची इमारत १४१९ पासून वास्तुरचनाकार ब्रुनेल्लेस्कीने बांधायला घेतली. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने पैसा दिला आणि १४४५ मध्ये पहिलं मूल, एक मुलगी, तिथे आलं. इमारतीच्या दर्शनी कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवरची, कापडात गुंडाळलेली पांढरी बाळं दिसतात. आंद्रेआ देल्ला रोब्बियाने केलेली ती भाजक्या मातीची शिल्पं आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपलं बोधचिन्ह त्यांवरूनच घेतलं.

इन्नोचेंती हे नाव भारतीय रस्त्यांवरही फिरून गेलंय. लँब्रेटा स्कूटर काढणाऱ्या उद्योगपतीचं नाव फेर्दिनांदो इन्नोचेंती. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लँब्रेटा बनवायला घेतली आणि अनेक मराठी घरांतली पहिली दुचाकी तीच होती.

मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर होतं, म्हणून तिथल्या मुलांना कोलंबो हे आडनाव मिळायचं. इथे एक सावधगिरी हवी. सगळे कोलंबो अशा मुलांचे वंशज नाहीत. ते आडनाव इतर वाटांनीही आलंय, आणि जेनोव्हाचा दर्यावर्दी क्रिस्तोफोरो कोलंबो, ज्याला आपण कोलंबस म्हणतो, त्याचा या रुग्णालयाशी काही संबंध नाही. एस्पोझितोचं तसं नाही. तिथे आडनावाचा उगम जवळजवळ निर्विवाद आहे.

मग आजचा प्रत्येक एस्पोझितो चाकातल्या मुलाचा वंशज?

वडिलांच्या बाजूने सरळ मागे गेलं तर बहुधा हो. पण हे वाक्य वाटतं तितकं मोठं नाही. आडनाव वडिलांकडून येतं असं धरा. आठ पिढ्या मागे गेलात तर तुमचे २५६ पूर्वज होतात. त्या २५६ जणांपैकी आडनाव फक्त एकाचं सांगतं. बाकीचे २५५ शेतकरी असतील, कोळी असतील, वकील असतील, आडनावाला त्यांचा पत्ताच नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. चाकातून आलेल्या मुली मोठ्या झाल्या, संस्थेने हुंडा देऊन त्यांची लग्नं लावली, त्यांच्या मुलांना नवऱ्याचं आडनाव मिळालं. म्हणजे रुस्सो किंवा रोमानो आडनावाच्या कितीतरी नेपल्सवासीयांच्या मागेही तीच भिंत आहे. ती आडनावात दिसत नाही, इतकंच.

आणि दोन एस्पोझितोंचे मूळ पूर्वज एकाच रात्री, एकाच चाकातून आले असले तरी ते एकमेकांचे कोणीच नसू शकतात. साल्वातोरे एस्पोझितो नावाचा नेपल्सकडचा एक प्रसिद्ध नट आहे. त्याच नावाचा एक फुटबॉलपटू आहे, पिओचा थोरला भाऊ. नाव-आडनाव सारखं म्हणून नातं असेल असं समजायला त्यात काही आधार नाही.

ज्यांनी हे आडनाव मोठं केलं

राफाएले एस्पोझितोची गोष्ट जगभर सांगितली जाते. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, त्याने टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि बेझिलचा पिझ्झा तिच्यासमोर ठेवला आणि तिचं नाव त्याला दिलं. दरबाराकडून आलेलं म्हणून एक पत्र नेपल्सच्या ब्रांदी पिझ्झेरियात लावलेलं आहे. मात्र ते पत्र अस्सल आहे का याबद्दल इतिहासकारांनी शंका घेतलीय, आणि तसा पिझ्झा नेपल्समध्ये आधीपासून मिळत होता. तरी मला त्या गोष्टीत एक अर्थ दिसतो. राणीसमोर उभा राहिलेला पिझ्झावाला म्हणून नेपल्सने ज्याला डोक्यावर घेतलं, त्याचं आडनाव एस्पोझितो होतं आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. तोवर हे आडनाव शहरात इतक्या घरांवर होतं की टोमणा मारायचा तरी कोणी कोणाला?

पुढे स्थलांतर सुरू झालं. १८८० ते १९१५ या काळात सुमारे सव्वा कोटी ते दीड कोटी इटालियन देश सोडून गेले, मोठ्या संख्येने दक्षिणेतून. त्यांच्याबरोबर हे आडनाव अमेरिकेत, अर्जेंटिनात, कॅनडात गेलं.

फिल एस्पोझितो १९४२ मध्ये ओंटारियोतल्या सू सेंट मरी या पोलादाच्या गावात जन्मला, टोनी पुढच्या वर्षी. थोरला गोल करणारा, धाकटा गोल अडवणारा. टोनीने नॅशनल हॉकी लीगमध्ये सुरुवातीपासून गोलरक्षक म्हणून खेळलेली पहिली लढत डिसेंबर १९६८ मधली, माँट्रियलकडून, आणि समोर फिलचा बॉस्टन संघ. सामना २-२ असा सुटला. बॉस्टनचे दोन्ही गोल फिलचे! त्याच मोसमात एका मोसमात शंभर गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला केलेली मदत मिळून) ओलांडणारा फिल हा लीगमधला पहिला खेळाडू ठरला, आणि १९७०-७१ मध्ये त्याने ७६ गोल केले. टोनीने १९६९-७० मध्ये शिकागोकडून खेळताना १५ सामन्यांत समोरच्याला एकही गोल करू दिला नाही. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध झालेल्या गाजलेल्या मालिकेत दोघं भाऊ कॅनडाकडून उतरले आणि सर्वाधिक गुण फिलचे होते.

जियानकार्लो एस्पोझितो १९५८ मध्ये कोपनहेगनला जन्मला. वडील नेपल्सचे, रंगमंचामागे काम करणारे. आई अमेरिकेतल्या अलाबामाची कृष्णवर्णीय ऑपेरा गायिका. रोबेर्तो एस्पोझितो हा १९५० मध्ये जन्मलेला नेपल्सकडचाच तत्त्वज्ञ. समाज म्हणजे काय, माणसाला माणसांशी बांधतं ते काय आणि समाज स्वतःच्या बचावासाठी कोणाला बाहेर ठेवतो, हे त्याच्या लेखनाचे मुख्य प्रश्न. आणि पिओ, साल्वातोरे, सेबास्तियानो हे तीन सख्खे भाऊ कास्तेल्लाम्मारे दी स्ताबिया या नेपल्सजवळच्या बंदराच्या गावचे, तिघेही व्यावसायिक फुटबॉलपटू. इथे मात्र आडनाव आणि नातं दोन्ही एक.

आज असं मूल सापडलं तर त्याला आडनाव कोण देतं?

नोंदणी अधिकारी देतो. आणि इटलीच्या २००० सालच्या नियमांनी त्याचे हात दोन बाजूंनी बांधलेत. जन्माची परिस्थिती सूचित होईल असं नाव-आडनाव द्यायचं नाही, आणि इतिहासप्रसिद्ध किंवा नामांकित घराण्याचंही द्यायचं नाही. अगदी साधं, गर्दीत मिसळून जाईल असं आडनाव हवं. असं मूल इटलीत सापडलं तर ते जन्मतःच इटलीचं नागरिक.

मूल सोडण्याची वेळ अजूनही येते. इटलीत बाईला रुग्णालयात सुरक्षित बाळंत होऊन आपलं नाव न नोंदवण्याचा हक्क आहे. शिवाय काही रुग्णालयांत ऊब असलेले, आत मूल ठेवताच डॉक्टरांना इशारा देणारे पाळणे आहेत. २०२३ च्या ईस्टरला मिलानमध्ये अशाच एका पाळण्यात आईच्या पत्रासह एक बाळ मिळालं तेव्हा इटलीभर त्याची चर्चा झाली. ते रुग्णालय म्हणजे मुलांना कोलंबो आडनाव देणाऱ्या त्याच जुन्या संस्थेचा भाग.

आडनाव फक्त बापाचंच का, या प्रश्नालाही आता उत्तर मिळालंय. एप्रिल २०२२ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने आपोआप वडिलांचंच आडनाव लावण्याचा नियम रद्द केला. दोघांचं लावायचं, क्रम आपसांत ठरवायचा, आणि दोघांच्या संमतीनेच एक वगळायचं.

एस्पोझितो कुटुंबाला आपली मुळं शोधता येतात का?

काही अंतरापर्यंत. जन्म-लग्नाच्या नोंदी धरून मागे जाता येतं आणि शेवटी आन्नुन्झियाताच्या वहीतली एक ओळ सापडू शकते. दिवस, वेळ, कपड्यांचं वर्णन. त्यापलीकडे नाव नाही, कारण नाव कळूच नये म्हणून तर चाक बसवलं होतं. परदेशातल्या वंशजांमध्ये असा शोध घेणारे बरेच आहेत. पण २०२५ च्या कायद्याने वंशावरून मिळणारं नागरिकत्व साधारण आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यापुरतं आणून ठेवलंय, त्यामुळे खापरपणजोबांच्या आडनावावर पासपोर्ट मागायचे दिवस सरले.

विसाव्या शतकात जन्मलेल्यांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांच्या आया हयात असू शकतात. आईने नाव गुप्त ठेवलं असेल तर शंभर वर्षं ते उघड करायचं नाही, असा इटलीचा नियम होता. २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो एकतर्फी ठरवला आणि पुढच्या वर्षी इटलीच्या घटनात्मक न्यायालयानेही तेच म्हटलं. आता मुलाने अर्ज केला तर न्यायाधीश गुप्तपणे त्या आईला शोधून विचारू शकतो: नाव कळवायचं का? ती नाही म्हणाली, तर तिचं नाव आजही कळवलं जात नाही.